साडेबाराचा फोन

४ मार्च, बुधवार

दादाचं डोकं ठिकाणावर नाही. भर दुपारी दुकानात फोन करून विचारतो, "तू लहानपणी आईचा आवाज काढायचीस ना? अजून येतो का?" जसा काही तो मी कपाटात घडी करून ठेवलाय— वरच्या फळीवरून उतरवला, झटकला की झालं!

समोर गिऱ्हाईक, हातात अर्धी घासलेली चष्म्याची काच. म्हटलं, संध्याकाळी बोलू. तर म्हणतो, संध्याकाळी नको, बाबा हॉलमध्येच असतात, ऐकतील. म्हणजे कट आधीच शिजलेला होता. वहिनीही सामील.

प्रकरण असं. आई जाऊन पाच महिने झाले. बाबांना सुरुवातीला कळत होतं. मग कधी कळायचं, कधी नाही. आता बहुतेक वेळा नाहीच. दुपारी ताट वाढलं की ते उठतात आणि फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसतात. "तिचा फोन आला की बसतो जेवायला." बाबा निवृत्त झाले तेव्हा आईच्या नोकरीची आठ वर्षं बाकी होती. ती ग्रंथालयातून रोज साडेबाराला घरी फोन करायची— जेवून घ्या, सगळं झाकून ठेवलंय. बाबा सध्या त्या आठ वर्षांत राहायला गेलेत. फोन येत नाही, म्हणून ते जेवत नाहीत. दीड वाजतो, दोन वाजतात. वहिनी समजावते, दादा ओरडतो, ताट गार होतं. सकाळचं दूध आणि रात्रीचे चार घास, एवढ्यावर माणूस चाललाय.

तर या दोघांचा तोडगा— मी आई व्हायचं. रोज साडेबाराला.

मी सरळ नाही म्हटलं.

५ मार्च, गुरुवार

नाही म्हणजे नाही.

६ मार्च, शुक्रवार

वहिनी एरवी मला नावाने हाक मारते. काम असलं की "वन्सं". आज फोन उचलताच "वन्सं" ऐकलं आणि समजले, आता काही माझी सुटका नाही.

डॉक्टरांनी बाबांचं वजन केलं. महिन्यात चार किलो गेलं. महिनाअखेरपर्यंत हेच चालू राहिलं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. आणि बाबा नळी ठेवू देणार नाहीत, हात बांधावे लागतील, हेही म्हणाले. वहिनीने हे सगळं किराण्याची यादी वाचावी तशा सुरात सांगितलं. ती रडली असती तर बरं झालं असतं. "मी रोज दोन-दोन तास त्यांच्यापुढे बसते हो. मला आता ते ताटच बघवत नाही."

बाबांचे हात बांधायचे. ज्यांना घड्याळाचा पट्टासुद्धा घट्ट चालत नाही!

मी म्हटलं, बघते.

बघते म्हणजे काय बघते, देव जाणे. मला तो आवाज येत नाही. कुठलाच येत नाही. मी एक चष्मे बसवणारी बाई आहे, दिवसभर लोकांना विचारते, आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं. यात नकला कुठे बसतात?

७ मार्च, शनिवार

कितीतरी वर्षांनी या विषयावर लिहितेय. कदाचित पहिल्यांदाच.

घरात मला 'रेडिओ' म्हणायचे. पाहुणे आले की "रेडिओ लावा रे" असा पुकारा व्हायचा आणि मी मोरीच्या दाराशी उभी राहून सुरू! मुख्याध्यापिका, बातम्यांचा माणूस, समोरच्या काकांची सुरू न होणारी स्कूटर, शिंक येता येता राहिलेली आत्या. कोणी शिकवलं नव्हतं. पण मला एक गोष्ट आपोआप कळली होती, ती अशी की आवाजाच्या मागे लागायचं नाही, श्वासाच्या मागे लागायचं. माणूस कुठे थांबून श्वास घेतो ते एकदा सापडलं की घसा आपोआप त्याच्यामागे जातो. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी खुणा करायचे. वर जाणारी रेघ, खाली पडणारी रेघ, श्वासाला टिंब. सदतीस माणसांच्या खुणा होत्या त्यात. आईची दोन पानं होती.

मी तेरा वर्षांची असताना बाबांना बढती मिळाली. त्यांचे साहेब आणि ऑफिसातली चार माणसं घरी चहाला आली. कोणीतरी म्हणालं, रेडिओ लावा. मी लावला. शेवटी आई काढली— पलंगावर ओला टॉवेल टाकल्याबद्दल बाबांना झापणारी आई. मध्येच पेपरामागून "हो, हो, उचलतो" म्हणणारे बाबाही काढले. साहेबांच्या बशीतला चहा सांडला, इतके हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बुटांचे बंद बांधत होते. बाबा शेजारी उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "तुझी आई रात्रभर रडली. परक्या माणसांसमोर हसं केलंस तिचं. पुन्हा हे करायचं नाही. आणि तिच्याकडे विषय काढू नकोस, तिला अजून लागेल."

मी विषय काढला नाही. वही फाडली, एकेक पान, आणि शाळेच्या वाटेवरच्या कचरापेटीत टाकली. त्या दिवसापासून रेडिओ बंद. लोकांनी थोडे दिवस विचारलं, मग विसरले.

तेरा वर्षांच्या पोरीचं मी समजू शकते. पण पुढे मी वीस वर्षांची झाले, तीस झाले, चाळीस झाले. तेव्हा काय झालं होतं? कोणी तोंड शिवलं होतं? आकाशवाणीची जाहिरात आली होती, नाटकवाली मैत्रीण मागे लागली होती. मी आपली "छे, ते लहानपणीचं खूळ" म्हणून मोकळी. खूळ कसलं! तेवढी एकच गोष्ट मला चारचौघांपेक्षा बरी येत होती. संताप होतो स्वतःचा.

९ मार्च, सोमवार

न्हाणीघरात सराव. नळ सोडून. नवरा दारावर टकटक करून विचारतो, "घशाला काही झालंय का?"

तासाभराची कमाई— समोरच्या काकांची स्कूटर. ती मात्र हुबेहूब येते अजून! सदतीस माणसं गेली आणि स्कूटर राहिली.

१० मार्च, मंगळवार

आईचा आवाज शोधायला बसले. शोधायचा कुठे? तिला फोनवर निरोप रेकॉर्ड करायचा राग होता. "समोर कोणी नसताना काय बोलायचं?" माझ्या फोनवर तिचे एकूण तीन निरोप निघाले. पहिला अकरा सेकंदांचा: अगं फोन उचल. दुसऱ्यात नुसती खोकलीय. तिसऱ्यात कुठलं बटण दाबायचं ते दादाला विचारतेय. वाढदिवसाच्या व्हिडिओत ती आहे, पण मागे कोणीतरी मिक्सर लावलाय. मिक्सर लावणारी मीच आहे!

अकरा सेकंदांवर सगळी मदार. "अगं फोन उचल, किती वेळ झाला, मी वाट बघतेय." शंभर वेळा ऐकलं. शंभर वेळा म्हणून बघितलं. माझ्या तोंडून ती सर्दी झालेली बँकेतली बाई वाटते.

नवऱ्याला म्हणून दाखवलं. तो फार विचार करून म्हणाला, "पहिला शब्द जमलाय." पहिला शब्द "अगं". बाबांना काय "अगं" म्हणायचंय?

११ मार्च, बुधवार

केला फोन. करायला नको होता.

दुकानाच्या मागच्या खोलीत गेले, घशात गरम पाणी ओतलं, साडेबाराच्या ठोक्याला लावला. ठरल्याप्रमाणे वहिनीने तो वाजू दिला, बाबांनीच उचलला. मी आईचा तो अकरा सेकंदांचा सूर लावून म्हटलं, "हॅलो, मी बोलतेय. जेवलात का?"

"कोण आपण?"

"अहो, मी."

"बाई, तुमचा नंबर चुकलाय," बाबा अगदी सभ्यपणे म्हणाले. "हे घर आहे. माझ्या बायकोचा फोन यायचाय, लाइन अडवू नका."

आणि ठेवला! वहिनीचं म्हणणं, त्यानंतर तीन वाजेपर्यंत ते खुर्चीतून हलले नाहीत, कारण मधल्या वेळात कोण्या बाईने लाइन अडवली, त्यामुळे आईचा फोन लागला नसणार. म्हणजे मी मदत करायला गेले आणि एक तास वाढवून ठेवला. रात्रीचे चार घासही गेले.

दादा म्हणतो, "जरा मनापासून कर ना." दादाला एकदा दुकानात डोळे तपासायच्या खुर्चीत बसवून सगळ्यात जाड काच लावली पाहिजे आणि म्हटलं पाहिजे, जरा मनापासून बघ.

१२ मार्च, गुरुवार

आज फोन नाही केला. हिंमत नाही. बाबांनी दूधही अर्धंच घेतलं.

१३ मार्च, शुक्रवार

एक गोष्ट लिहायची टाळत होते. आता लिहूनच टाकते.

आईला दवाखान्यात ठेवलं होतं, शेवटच्या आठवड्याच्या आधीची गोष्ट. दुपारची वेळ, बाबा घरी, खोलीत आम्ही दोघीच. मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती म्हणाली, "तू लहानपणी काय काय आवाज काढायचीस ग. माझा काढ ना एकदा."

माझे हात थांबले. मला वाटलं, ही माफ करतेय मला. जाता जाता पोरीच्या मनातलं ओझं काढावं म्हणून मुद्दाम मागतेय. इतकी वर्षं तिने पोटात ठेवलं, मी पोटात ठेवलं, आणि आता मी तिच्या उशाशी बसून पुन्हा तिची नक्कल करायची? मी म्हटलं, "काहीतरीच काय. ते कधीच विसरले मी."

ती म्हणाली, "बरं." आणि खिडकीकडे तोंड केलं.

मी विसरले नव्हते. तेव्हा नक्की आला असता. तिच्या समोर बसून, तिचा श्वास बघत बघत, नक्की आला असता. तिने मागितला तेव्हा दिला नाही आणि आता बाबांच्या घासासाठी न्हाणीघरात नळ सोडून शोधत बसलेय. याला काय म्हणायचं?

१५ मार्च, रविवार

बाबांकडे गेले होते. शर्टाची कॉलर मानेपासून दोन बोटं लांब. मला ओळखलं. म्हणाले, "तू वाळलीस." मी वाळले!

चमच्याने भरवायला गेले तर चमचा हळूच बाजूला केला. राग नाही, आरडाओरडा नाही. "तिचा फोन येऊ दे." त्यांच्या लेखी यात काही विचित्रच नाही. बायकोने फोन करायचा, मग आपण जेवायचं— आठ वर्षं पाळलेला नियम. आपल्याच घरात आपण सगळे नियम मोडणारे ठरलोय.

१६ मार्च, सोमवार

मावशीला फोन. आईची पाठची बहीण, तिच्याइतका तो आवाज कोणी ऐकलाय? तिला सांगितलं, काय काय आठवतं ते सांग. मावशीने तासभर आईच्या लग्नातल्या शालूचं वर्णन केलं. शेवटी एक कामाचं बोलली. "तिचे आवाज काय एक होते का? माझ्याशी वेगळी, तुमच्याशी वेगळी. आणि तुझ्या बाबांशी ती 'मी बोलतेय' कधी म्हणेल? बायकोला आपल्या नवऱ्याला ओळख द्यावी लागते का?"

एवढं साधं! मी अकरा सेकंद घोटत बसले होते ते सगळे 'अगं'चे, माझ्यासाठीचे. नवऱ्याशी ती कसं बोलायची, ते मला ऐकूच आलं नव्हतं कधी. म्हणजे ऐकलं होतं खूप. लक्ष कुठे दिलं? नकला बंद झाल्यापासून मी माणसांना ऐकणंच सोडून दिलं. नुसते शब्द घ्यायचे आणि बाकीचं सोडून द्यायचं. माझं खरं नुकसान कुठलं असेल तर हे.

१७ मार्च, मंगळवार

बाबांचं वजन आणखी सातशे ग्रॅम कमी. दादाने दवाखान्यात खोलीची चौकशी करून ठेवली. भांडलो. कशावरून ते आता आठवतही नाही.

१८ मार्च, बुधवार

सापडला! सापडला! सापडला!

असा सापडला: दुकानात एक आजी तपासणीच्या खुर्चीत. नाकावर ती जड फ्रेम, मी एकेक काच बदलतेय, आता बरं की आधी बरं. त्यांना दोन्ही बरं दिसत होतं, त्यांना सगळंच बरं दिसतं. तेवढ्यात वहिनीचा फोन. गिऱ्हाईक समोर असताना फोन घेतलेला मालकांना खपत नाही. मी पाठ वळवली, फोनवर तळहात आडवा धरला आणि दबक्या आवाजात भराभर म्हटलं, "आणि ते दुसरं औषध? दिलं? बरं. ठेवते, माणसं आहेत."

आणि तशीच उभी राहिले. कारण तो आवाज माझा नव्हता.

"ठेवते, माणसं आहेत." आई याच वाक्यावर फोन ठेवायची, ग्रंथालयात तिला भेटायला गेले की किती वेळा ऐकलंय! ती ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची. डोक्यावर 'शांतता राखा'ची पाटी, समोर पुस्तकं घेऊन उभी असलेली माणसं. घरचा फोन करायचा म्हणजे चोरून, तळहाताआड, एका श्वासात. हॅलो नाही, ओळख नाही, सरळ मधूनच सुरुवात— "आणि ते दार लावलंत?" बाबांनी आठ वर्षं ऐकलेली आई ही. आणि मी त्यांना घसा साफ करून, मोठ्याने, स्पष्ट हॅलो म्हणत होते! राँग नंबरच झाला तो. बाबांचं काय चुकलं?

श्वास शब्दाच्या आधी नाही, वाक्याच्या मध्येच, तोही अर्धा. तळहाताला लागून परत येणारा. चौतीस वर्षांनी वहीत टिंब काढलं. आजींच्या नाकावर तोवर ती फ्रेम तशीच. बिचाऱ्या म्हणाल्या, "झालं असेल तर काढू का?"

१९ मार्च, गुरुवार

साडेबारा. मागची खोली. मी मुद्दाम दार अर्धवट उघडं ठेवलं, बाहेर माणसं असू देत म्हणून. तळहात आडवा.

"आणि गॅस बंद केलात ना?"

मला वाटलं, गेलं. मग बाबा म्हणाले, "केला. किती उशीर?"

"माणसं होती. झाकलंय सगळं, भाजी गरम करून घ्या. जेवा आता. ठेवते."

"हो, हो, बसतो."

ठेवला. काचांच्या खोक्यावर बसले. वीस मिनिटांनी वहिनीचा फोन. सगळं ताट. पुन्हा मागून घेतलं. हात धुऊन म्हणाले, "आज फार काम होतं वाटतं तिला."

मालकांनी विचारलं, काय झालं, डोळे का लाल? म्हटलं, काच घासताना कण गेला.

२० मार्च, शुक्रवार

जेवले.

२१ मार्च, शनिवार

जेवले. लोणचं मागितलं.

२२ मार्च, रविवार

रविवारी ग्रंथालय बंद असायचं, म्हणजे आईचा फोनही नसायचा, हे आम्हा तिघांनाही आठवलं नाही, आणि बाबांच्या ते गावी नाही. साडेबाराला ते खुर्चीत. आणि मी त्यांच्यासमोर सोफ्यावर बसलेली! काहीतरी पुटपुटून उठले, चपला न घालताच जिन्यात गेले, पायरीवर बसून तळहाताआड सुरू केलं. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पिशवी घेऊन खाली येत होते. ते माझ्याकडे बघत भिंतीला चिकटून गेले.

"पोरगी आलीय," बाबा फोनवर म्हणाले. "आता होती, कुठे उठून गेली कोण जाणे. तिचं हे नेहमीचंच. धड बसत नाही कधी."

मी आई होऊन म्हटलं, "असू दे. जेवा."

"वाळलीय."

"बघते मी तिच्याकडे. जेवा आता. ठेवते, माणसं आहेत." माणसं खरंच होती. गृहस्थ खाली थांबून ऐकत होते.

परत आत आले तर बाबा जेवत होते. मला म्हणाले, "तुझ्या आईचा फोन होता. तुझी काळजी करते."

२४ मार्च, मंगळवार

नवरा काल म्हणाला, "तू त्यांना फसवतेयस, हे तुला कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. मग म्हणाला, "आणि हे कधी थांबवणार?" मी म्हटलं, नळी घालायची का तू सांग. आम्ही दोघांनी रागारागात एकाच कपड्याची दोन टोकं धरून घडी घातली.

त्याचं चुकीचं नाही, म्हणूनच चिडचिड होते. पण त्याला एक सांगितलं नाही. साडेबारा वाजायची मी सकाळपासून वाट बघते. त्या दोन मिनिटांत ती असते. माझ्या घशात, माझ्या तळहातावर तिचा अर्धा श्वास लागतो. बाबांना वाटतं ती आहे, आणि दोन मिनिटं मलाही तसंच वाटतं. मग फसवतंय कोण आणि कोणाला?

हे सगळं मी तिच्या हयातीत करू शकले असते. तिला हसवू शकले असते. तिचा आवाज तिलाच ऐकवायचा होता. राहून राहून तेच मनात येतं आणि मग दुकानात काचेचा कोपरा उडतो. आज दोन काचा वाया गेल्या.

२६ मार्च, गुरुवार

वजन दीड किलोने वाढलं! डॉक्टर म्हणाले, नळीचं आता बघायला नको. त्यांनी वहिनीचं कौतुक केलं. वहिनीने माझं नाव सांगितलं नाही. शहाणी आहे. डॉक्टरांना काय सांगणार, नणंद सासूचा फोन करते?

दादाने मिठाई पाठवली. सोबत चिठ्ठी: "म्हटलं होतं ना, मनापासून कर." याला मी एक दिवस खरंच त्या खुर्चीत बसवणार आहे.

२७ मार्च, शुक्रवार

बाबा आता फोनवर रेंगाळायला लागलेत. आज मावशीच्या गुडघ्यांची चौकशी. मग माझी तक्रार— पोरगी हुशार होती, चष्म्याच्या दुकानात काय करते? मी आईच्या आवाजात माझीच बाजू घेतली. "कष्टाचं काम आहे ते." "आहे ग," बाबा म्हणाले, "पण तिच्यात काहीतरी होतं." मी घाईने "ठेवते" म्हटलं.

२८ मार्च, शनिवार

जेवले.

३० मार्च, सोमवार

आज "जेवा आता" म्हटलं तरी बाबांनी फोन ठेवला नाही. म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय तुला. पोरीला मी खोटं सांगितलं होतं, साहेब चहाला आले होते तेव्हाचं. तू रात्रभर रडलीस म्हणून. तू कुठे रडलीस? तू तर अंथरुणात पडल्यावरसुद्धा हसत होतीस. साहेबांसमोर सगळे मला हसले, ते मला लागलं. नंतर तू विचारत राहिलीस, पोरगी आवाज का काढत नाही, तर तुला म्हटलं, अभ्यास वाढलाय."

बाहेर दुकानात कोणी नव्हतं, तरी तळहात फोनवर तसाच आडवा.

"तिला सांगू नकोस हं," बाबा म्हणाले.

"नाही सांगत," मी आईच्या आवाजात म्हटलं. "जेवा आता."